फिगर स्केटिंगमधली ‘फिगर’ गेली कुठे?

गोधडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतीच वाचत होते, आज लिहायला विषय मिळालाय.

आम्ही मिनेसोटात असतो. इथे राहून पोरांना बर्फावर उभं करायचं नाही म्हणजे सांगलीत राहून हळद न ओळखण्यातली गत. लेक नऊ वर्षांची आहे, शिकायला लागून तिसरं वर्ष. शनिवारी सकाळी सहाला रिंक, बाहेर उणे अठरा आणि मी बाकावर थर्मास धरून. तिच्या गटातल्या सगळ्या मुली ‘उडी कधी शिकवणार’ म्हणून मागे लागलेल्या असतात. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत, आम्ही त्यांना घरी आजीच म्हणतो. गेल्या आठवड्यात आजींनी उड्या राहू देत म्हणून हिला कोपऱ्यातल्या कोऱ्या बर्फावर नेलं. एका पायावर एक वर्तुळ, मग दुसऱ्या पायावर दुसरं, असा इंग्रजी आठ काढायला लावला. काढून झाल्यावर शाबासकी नाही की काही नाही. आजी गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि पोरीकडे न बघता त्या रेघेकडेच बघत राहिल्या.

गाडीत लेकीचा प्रश्न आला, “आई, याला फिगर स्केटिंग का म्हणतात? यात फिगर कुठाय?”

आता खरं सांगते, हसू नका. मला इतकी वर्षं वाटत होतं की हे ‘फिगर’ म्हणजे आपण ‘तिची फिगर बघ’ म्हणतो तेच. तंग कपडे, सडपातळ मुली, म्हणून फिगर स्केटिंग! मग रात्री वाचायला बसले ती पार पहाटेपर्यंत.

तर फिगर म्हणजे आकृती. बर्फावर पात्याने कोरलेली. हा खेळ मुळात उड्यांचा नव्हताच, रेघांचा होता. १७७२ साली रॉबर्ट जोन्स नावाच्या गृहस्थाने लंडनमध्ये या विषयावरचं पहिलं पुस्तक छापलं, त्यातही कुठल्या कडेवर कसं वळायचं याचीच चर्चा आहे. एडिंबरोच्या स्केटिंग क्लबात शिरायचं तर दोन्ही पायांवर वर्तुळ काढून दाखवायचं, मग आधी एक टोपी, मग दोन, मग तीन टोप्या ओलांडून उडी मारायची. इंग्रज लोक तर गोठलेल्या तळ्याच्या मधोमध एक संत्रं ठेवत आणि चार-सहा जण उंच टोप्या घालून, पाठ ताठ, गुडघा सरळ ठेवून त्या संत्र्याभोवती एकमेकांना न धडकता आकृत्या काढत. मला हे वाचताना आपल्या फुगडीच्या रिंगणात वकील मंडळी शिरल्यासारखं वाटलं.

पुढे स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा या आकृत्या सक्तीच्या झाल्या. त्याची पद्धत ऐका. सगळ्या आकृत्यांचं मूळ म्हणजे आठ. वर्तुळाचा व्यास साधारण स्केटरच्या उंचीच्या तिप्पट. एका पायाच्या एकाच धक्क्यात एक पूर्ण वर्तुळ. आणि एकदा काढून भागायचं नाही, त्याच रेघेवर पुन्हा, आणि पुन्हा. तीनदा. म्हणजे आपण पाटीवर अक्षर गिरवतो ना, अगदी तेच. त्यात मग वळणं: एका वळणाला तर ‘थ्री’च म्हणतात, कारण बर्फावर तीनचा आकडा उमटतो. झालं की स्केटर बाजूला उभा आणि पंच बर्फावर उतरून, ओणवे होऊन रेघा तपासणार. स्केटच्या पात्याला खालून मधोमध पन्हाळीसारखी खोबण असते, त्यामुळे त्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. नीट एका कडेवर तोल असेल तर एकच रेघ उमटते. जरा पाय सपाट पडला की दोन समांतर रेघा. चोरी लपायला जागाच नाही!

याला एकूण गुणांतले किती टक्के? साठ! १९६८ पासून निम्मे, मग आणखी कमी, शेवटी वीसच. आणि १९९० च्या हॅलिफॅक्सच्या जागतिक स्पर्धेनंतर शून्य. शेवटची सक्तीची आकृती काढली युगोस्लाव्हियाच्या झेल्का चिझमेशियाने. तेव्हापासून फिगर स्केटिंगमध्ये फिगर नाही.

मला का कोण जाणे, याचं वाईट वाटलं. तुम्हाला काय वाटतं? कुणी पाहिलंय का हे?

अण्णा_गिरगाव

ताई, वाईट वाटून घेऊ नका. धोबीतलावाला तलाव नाही, चर्चगेटला गेट नाही, आमचं काय अडलंय?

बाकी लेख झकास. संत्र्याचं माहीत नव्हतं.

हेलसिंकीकर

छान धागा. गेली अकरा वर्षं फिनलंडात आहे म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

इंग्रजांचं ताठ पाठीचं प्रकरण मोडलं ते एका अमेरिकनाने, जॅक्सन हेन्स. जन्म १८४० चा, न्यूयॉर्कचा, नाच शिकलेला. त्याने बर्फावर हात पसरले, गुडघे वाकवले, संगीत लावलं. बसून गिरकी घेतात ना, एक पाय पुढे लांब करून, ती त्याचीच. तोवर लोक स्केट बुटाला पट्ट्यांनी बांधत, याने पातं थेट बुटाला पक्कं जोडलं. अमेरिकेत कुणी फारसं विचारलं नाही, म्हणून १८६० च्या दशकात युरोपात आला. व्हिएन्नात त्याचं असं काही स्वागत झालं की विचारू नका. वॉल्ट्झचं गाव ते, त्यांना हे कळणारच. व्हिएन्नाचा स्केटिंग क्लब १८६७ चा आहे, म्हणजे मंडळी तयारच बसली होती. आज आपण टीव्हीवर जे बघतो त्याचं मूळ तिथलं.

आणि हा माणूस १८७५ साली मेला कुठे, तर आमच्या इकडे बॉथनियाच्या आखाताकाठी, आज कोक्कोला म्हणतात त्या गावात. वय पस्तीस. त्याच्या कबरीवर ‘अमेरिकन स्केटिंगचा राजा’ असं कोरलंय. अमेरिकनाला राजेपद मिळालं ते परक्या गावातल्या दगडावर.

दुसरी गोष्ट हलकीफुलकी. स्केटर गुणांची वाट बघत फुलांच्या शेजारी बसतात, रडतात, कोचच्या गळ्यात पडतात, त्या जागेला ‘किस अँड क्राय’ म्हणतात. हे नाव १९८३ च्या हेलसिंकीतल्या जागतिक स्पर्धेत पडलं, जेन एर्को या फिनिश बाईंनी दिलं. फिनिश माणूस चारचौघांत ना मुका घेतो ना रडतो, त्यामुळे दुसऱ्या कुणी केलं की त्याला जागा नेमून द्यावी असं वाटणं साहजिक आहे!

बंड्या_पुणेरी

धागा चांगला पण सूर पटला नाही. गेलं ते बरंच झालं.

मी गाणं शिकलोय (प्रवेशिका पूर्णपर्यंत, पुढे आवाज फुटला). पलटे मीही घोटलेत. पण पलटे घरी घोटायचे असतात. सवाई गंधर्वला एखाद्याला साठ टक्के गुण पलट्यांचे देऊन बक्षीस द्याल का? लोक तिकीट काढून थंडीत मांडी घालून बसलेत ते कशासाठी?

हेच १९७२ ला झालं. सापोरो ऑलिंपिक. ऑस्ट्रियाची ट्रिक्सी शूबा आकृत्यांत एवढी पुढे की मोकळ्या स्केटिंगमध्ये (म्हणजे संगीतावरच्या उड्या-गिरक्यांत) सातवी येऊनही सुवर्ण घेऊन गेली. मोकळं स्केटिंग जिंकलं अमेरिकेच्या जॅनेट लिनने, तिला कांस्य. टीव्हीवाले आकृत्या दाखवायचेच नाहीत, कोण बघणार तासन्‌तास? त्यामुळे घरी बसलेल्या माणसाला दिसलं काय, तर सुंदर नाचली ती तिसरी आणि साधंसं करून गेली ती पहिली. लोक चिडणारच. पुढच्याच वर्षी आकृत्यांचं वजन घटवून ‘शॉर्ट प्रोग्रॅम’ आणला तो यामुळेच.

आणि दुसरं. रेघ तपासायला पंच वाकले तर प्रेक्षकाला काय दिसतंय? पाठ! कुणाला किती गुण का दिले हे विचारायची सोयच नाही. वशिल्याला याहून सुपीक जमीन नाही.

गोधडी (धागाकर्ती)

@बंड्या, पलट्यांचा मुद्दा बिनतोड आहे हो. पण प्रवेशिकेच्या परीक्षेत अलंकार विचारतातच ना? आणि शूबाबद्दल एक: तिच्या रेघा लोकांनी नंतरही वाखाणल्यात. तिने नियम काही केले नव्हते. ज्या पेपरला जास्त गुण त्याचा अभ्यास केला, आपण दहावीला दुसरं काय केलं?

सातारी_कंदी

वाचतेय. माझी या खेळाशी ओळख वेगळीच. लहानपणी घरी ती गुळगुळीत पानांची रशियन मासिकं यायची, आठवतात का? आमच्याकडे वाचायचं कुणीच नाही, सगळी वह्यांना कव्हर घालायला. माझ्या भूगोलाच्या वहीवर बर्फावरची एक जोडी होती, बाई पाठीवर जवळजवळ आडवी, केस बर्फाला टेकायला आलेले, आणि पुरुष एका हाताने तिला धरून मधोमध फिरतोय. वर्षभर त्या चित्राकडे बघत मी मोसमी वारे पाठ केले. त्या प्रकाराला ‘डेथ स्पायरल’ म्हणतात हे कळायला पुढची वीस वर्षं गेली.

ती जोडी कोण होती ते माहीत नाही, पण इरिना रोद्निनाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीन ऑलिंपिक सुवर्णं (१९७२, ७६, ८०) आणि दहा जागतिक विजेतेपदं. १९७३ ला ब्रातिस्लाव्हात ती नि तिचा जोडीदार झाइत्सेव स्केट करत असताना मध्येच संगीत बंद पडलं. कोणीही थांबलं असतं. हे दोघं थांबले नाहीत. सगळा कार्यक्रम नुसत्या पात्यांच्या आवाजावर पुरा केला, तालात, आणि जिंकले. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की यात तबला आतूनच वाजत असला पाहिजे.

अण्णा_गिरगाव

@सातारी_कंदी, आमच्याकडे त्या पानांच्या पुड्या व्हायच्या, शेंगदाण्याच्या. तेल पाझरायचं नाही :)

हिमगौरी

मी रोलर आर्टिस्टिक शिकवते (नाव-गाव विचारू नका), म्हणून आत उडी मारतेय.

बंड्या, तुम्हाला पटणार नाही पण आकृत्या हा काही नुसता रियाज नव्हता. चाकांच्या आमच्या खेळातही जमिनीवर वर्तुळं रंगवलेली असतात, त्यावरून चाकं न्यायची. मुलं पहिले सहा महिने कंटाळतात, पालक माझ्या डोक्यावर बसतात की ‘मॅडम, स्पिन कधी?’ पण ज्याने वर्तुळं केलीत त्याचा घोटा, कंबर, खांदा कुठे असायला हवा हे त्याला विचारावं लागत नाही. उडी ही हवेत नसतेच, ती उडायच्या आधीच्या कडेत असते. लुट्झ ही उडी घ्या. आलोइस लुट्झ या ऑस्ट्रियनाची. ती बाहेरच्या कडेवरून उडायची आणि फिरायचं मात्र कडेच्या उलट दिशेला. शेवटच्या क्षणी पाय घसरून आतल्या कडेवर आला की ती लुट्झ राहत नाही, फ्लिप नावाची दुसरीच उडी होते. आज मोठमोठ्या स्पर्धांतले लोकही इथे पंचांच्या तावडीत सापडतात. बर्फावर पहाटे ‘पॅच’ भाड्याने घेऊन (म्हणजे रिंकवरचा एकेक पट्टा, ज्याचा त्याचा) तास-तास रेघा गिरवलेल्या पिढीचं असं कमी व्हायचं, असं माझं मत. मत म्हणतेय, सिद्धांत नाही.

आता माझा खरा मुद्दा, कपडे. कुणी काढलाच नाही!

१९०२ ला लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅज सायर्स नावाच्या बाईने नाव घातलं. का? कारण बायकांनी भाग घेऊ नये असं नियमात लिहिलंच नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! सगळ्या पुरुषांत ती दुसरी आली, उल्रिक साल्कोच्या मागोमाग. साल्को म्हणजे ज्याच्या नावाची उडी आहे तोच, दहा वेळचा जगज्जेता. मग आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने काय केलं असेल? बरोब्बर. १९०३ ला बायकांना बंदी. कारणं वाचा नि हसा: एक, लांब झग्यामुळे पंचांना पाय दिसत नाहीत. दोन, पंचाचं त्या मुलीवर मन बसलेलं असलं तर? तीन, बायकांची पुरुषांशी तुलना करणं कठीण. (दुसरी आली तेव्हा तुलना झालीच होती की!) सायर्सबाईंनी झगा पोटरीपर्यंत आणला. १९०६ ला दावोसला बायकांची वेगळी स्पर्धा सुरू झाली, ती त्यांनी जिंकली. १९०८ चं ऑलिंपिक सुवर्णही त्यांचंच.

मग सोन्या हेनी. १९२४ ला अकरा वर्षांची पोर, आठ जणींत आठवी. पुढची तिन्ही ऑलिंपिकं तिने जिंकली, १९२८, ३२, ३६. गुडघ्याच्या वर परकर आणि पांढरे बूट हे तिच्यापासून रुळलं.

आणि चक्र कसं फिरतं बघा. एकेकाळी पाय दिसत नाहीत म्हणून बंदी. १९८८ नंतर नियम आला की बाईने परकर घातलाच पाहिजे. का, तर काटरिना विटचा पिसांचा पोशाख फारच तोकडा आणि डेबी थॉमसचा पायघोळ अंगासरशी पोशाख परकराविनाच! पायजमा घालायला बायकांना २००४ साल उजाडावं लागलं. म्हणजे नऊवारी की पाचवारी हा वाद फक्त आपल्याकडेच होता असं नाही.

तिरपी_रेघ

@हिमगौरी, साष्टांग. पंचाचं मन बसेल म्हणून मुलीला बंदी! पंचाला का नाही?

खडूफळा

गणिताचा मास्तर आहे, उड्यांचं एक गणित कुणी सांगेल का? सगळ्या उड्या मला सारख्याच दिसतात. बायको म्हणते अमुक ट्रिपल, तमुक क्वाड, मी मान डोलावतो.

हिमगौरी

@खडूफळा, एकच ओळखायला शिका, ॲक्सेल. बाकी सगळ्या उड्यांत माणूस पाठमोरा उडतो. ॲक्सेलमध्ये तोंड पुढे करून उडायचं आणि उतरताना मात्र पाठमोरंच. त्यामुळे फेऱ्या नेहमी अर्ध्याने जास्त. सिंगल म्हणजे दीड, ट्रिपल म्हणजे साडेतीन. नाव ॲक्सेल पॉल्सन या नॉर्वेच्या माणसाचं, त्याने १८८२ ला व्हिएन्नात केली, तीही वेगाच्या शर्यतीचे लांब स्केट घालून.

डबल ॲक्सेल १९४८ ला डिक बटनने केली. ट्रिपल १९७८ ला व्हर्न टेलरने. बायकांत पहिली ट्रिपल मिदोरी इतोची, १९८८. क्वाड, म्हणजे हवेत साडेचार फेऱ्या, २०२२ ला इलिया मालिनिनने. १८८२ चा दीड आणि १४० वर्षांनी साडेचार. तुमच्या मुलांना आलेख काढायला द्या.

बंड्या_पुणेरी

आणि हा आलेख आकृत्या गेल्यामुळे वर गेला असं म्हणून ताई रडणार :) पण बटन आणि टेलर दोघंही आकृत्यांच्या काळातलेच!

गोधडी (धागाकर्ती)

रडत नाहीये, पण हो, थोडं म्हणणारच. उडायचा वेळ वाढला तो गिरवायच्या वेळातून आला. उड्या मारायला हलकं, बारकं शरीर बरं. त्यामुळे वय खाली येत गेलं. २०२२ ला बीजिंगमध्ये पंधरा वर्षांच्या मुलीवर उत्तेजकाचं प्रकरण झालं तेव्हा जग हादरलं, मग संघटनेने मोठ्यांच्या स्पर्धेची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने सतरावर नेली. आकृत्यांच्या काळात पंधरा वर्षांच्या मुलीला वर यायला फार धडपड करावी लागायची, हात बसायलाच वर्षं लागायची. (पाय बसायला म्हणायला हवं.) बंड्या म्हणणार, हाच तर अन्याय, वाट बघायला लावायचे. तेही खरं आहे. मला दोन्ही पटतंय, काय करू?

कोल्हापुरी_चप्पल

नियम चुकवायचे कसे ते शिकायचं असेल तर टॉर्विल आणि डीन, ब्रिटनची आइस डान्सची (बर्फावरच्या जोडीनृत्याची) जोडी. १९८४, सारायेवो ऑलिंपिक. ‘बोलेरो’ची धून काटून काटून चार मिनिटं अठ्ठावीस सेकंदांवर आणली, त्याहून कमी होईना. नियमात कमाल चार मिनिटं दहा. मग? घड्याळ कधी सुरू होतं ते वाचलं. पातं बर्फाला लागून स्केटिंग सुरू झालं की! तर हे दोघं सुरुवातीचे अठरा सेकंद गुडघ्यांवरच. नुसतं डोलत. सादरीकरणाला नऊच्या नऊ पंचांनी ६.०, म्हणजे पैकीच्या पैकी. आमच्या तालमीत याला डाव म्हणतात.

तिरपी_रेघ

आणि पंचांचा डाव २००२ ला सॉल्ट लेकच्या ऑलिंपिकला उघडा पडला. जोडी स्केटिंगमध्ये रशियन जोडीला सुवर्ण, कॅनडाचे साले-पेलेतिए दुसरे, आणि मग फ्रेंच पंचबाई म्हणाल्या की माझ्यावर दबाव होता. शेवटी दोन्ही जोड्यांना सुवर्ण. त्यातून ६.० ची जुनी पद्धत गेली आणि प्रत्येक उडी-गिरकीला ठरलेली किंमत, वर अधिक-उणे, असा ताळेबंद आला. गंमत म्हणजे त्यामुळे पुन्हा तीच तक्रार: लोक नाचत नाहीत, बेरीज करतात.

उलटी कोलांटी हाही मजेशीर किस्सा. १९७६ ला टेरी कुबिकाने मारली, लगेच बंदी. १९९८ ला नागानोत फ्रान्सच्या सूर्या बोनालीने बंदी ठाऊक असून मारली आणि एका पायावर उतरली! दुखापतीने पदक तसंही हातचं गेलेलं होतं. गुण कापले, दहावी आली. पण त्या वर्षीची पहिली कोण हे किती जणांना आठवतं? २०२४ ला बंदी उठली, आता मुलं बिनधास्त मारतात.

अण्णा_गिरगाव

आपलं कुणी आहे का यात? की आपण फक्त धागे काढायचे?

हिमगौरी

@अण्णा, तारा प्रसाद. वाढली अमेरिकेत, खेळते भारताकडून, राष्ट्रीय विजेती. बर्फाचं मोठं रिंक आपल्याकडे डेहराडूनला आहे, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलं आणि मग बरीच वर्षं कुलूप. २०२५ ला पुन्हा सुरू झालं. इथे महाराष्ट्रात आमची पोरं चाकांवरच.

हेलसिंकीकर

आणि सिमला विसरलात? लक्कडबाजारजवळचं रिंक, १९२० पासूनचं. यंत्र नाही, काही नाही. रात्री पाणी मारायचं, थंडीने गोठलं की पहाटे स्केटिंग. मी लग्नानंतर गेलो होतो. ऊन आलं की संपलं, संध्याकाळी पुन्हा. ढग आले की रात्री गोठत नाही. आदल्या दिवशी ढग आले होते. आम्ही दोघं कठड्याला टेकून पाण्याने भरलेल्या चौकोनाकडे बघत मक्याचं कणीस खाल्लं आणि परत आलो.

कोल्हापुरी_चप्पल

भारताचा विषय निघालाच आहे तर २०१० चं व्हँकुव्हर ऑलिंपिक. आइस डान्सला त्या वर्षी विषय होता लोकनृत्य. अमेरिकेचे मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी हिंदी सिनेमाची गाणी निवडली, ‘डोला रे’ आणि ‘कजरा रे’. मिशिगनमधल्या एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडून हातवारे, मान, डोळे शिकले. आमच्या ग्रुपवर तेव्हा दिवसभर तोच व्हिडिओ. रौप्य मिळालं, पुढे २०१४ ला सुवर्ण.

सातारी_कंदी

त्याच वर्षी एका रशियन जोडीने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा नाच म्हणून अंगावर पानं-बिनं लावून काहीतरी केलं होतं, त्यावर तिकडचे लोक भडकले, आणि रास्तच भडकले. फरक एवढाच की एकाने शिकवणी लावली आणि दुसऱ्याने रंग लावला. अर्थात ‘कजरा रे’ हे लोकनृत्य कसं, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता!

बंड्या_पुणेरी

लग्नाच्या वरातीत सगळे लोक नाचतात. लोकनृत्य.

तिरपी_रेघ

😂 बंड्या, पहिल्यांदाच पूर्ण सहमत.

एक गंभीर गोष्ट नोंदवून ठेवते. १५ फेब्रुवारी १९६१ ला ब्रसेल्सजवळ विमान पडलं, त्यात प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघालेला अमेरिकेचा अख्खा संघ गेला. स्पर्धाच रद्द झाली. शिकवणारेही त्यातच गेले, त्यामुळे पुढची पिढी घडवायला माणसं उरली नव्हती. पेगी फ्लेमिंगचे कोचही त्यात होते. तिने १९६८ ला ग्रेनोबलला सुवर्ण घेतलं तेव्हा तिचा पिवळसर पोपटी पोशाख आईने घरी शिवलेला होता. आणि जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनजवळच्या विमान अपघातातही शिबिराहून परतणारी कोवळी मुलं, आईबाप, कोच होते. @गोधडी, तुमच्याकडच्या रिंकवर तेव्हा काय वातावरण होतं?

गोधडी (धागाकर्ती)

@तिरपी_रेघ, त्या शनिवारी कुणी संगीत लावलं नाही. एवढंच सांगते.

सगळ्यांचे आभार. आता पुढची हकीकत. तुमचे सगळे प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवले (पंचाचं मन बसण्याचं सोडून) आणि आज तिने जाऊन आजींना थेट विचारलं, “तुम्ही फिगर काढायचात?” आजी काही बोलल्या नाहीत. बाहेर गेल्या, गाडीच्या डिकीतून एक वस्तू घेऊन आल्या. कंपासपेटीतलं कर्कटक असतं ना, तसंच, पण लांबच लांब होणारं, धातूचं. याने बर्फावर वर्तुळ आखून घ्यायचं आणि मग त्यावर गिरवायचं. चाळीसेक वर्षं सांभाळून ठेवलंय. म्हणाल्या, आकृत्या मेलेल्या नाहीत, २०१५ पासून लेक प्लॅसिडला काही जुनी मंडळी काळ्या बर्फावर नुसत्या आकृत्यांचीच स्पर्धा भरवायला लागली. काळा अशासाठी की पांढरी रेघ स्पष्ट दिसावी. म्हणजे पाटीच की!

मग त्यांनी स्वतः एक आठ काढला. सत्तरीच्या बाई, एका पायावर, हात किंचित बाजूला, अजिबात घाई नाही. तीनदा. मी बाकावरून उठून काचेपाशी गेले. रेघ एकच दिसत होती.

मग लेकीची पाळी. पहिली फेरी बरी, दुसऱ्या फेरीत वीतभर बाहेर, तिसऱ्या फेरीत दोन्ही वर्तुळं जिथे मिळतात तिथे पाय टेकला. आजी वाकल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, डावं वर्तुळ उजव्यापेक्षा मोठं आहे, तू डाव्या पायाला घाबरतेस. लेक गाडीत गप्प होती. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या फरशीवर मोजे घालून डाव्या पायावर उभी आहे, अजून तशीच. पोळ्या करायला ओट्यापाशी जायची सोय नाही.

बंड्या_पुणेरी

उभी राहू दे. आज भात करा.